तुर्कूचा १४८८चा मिस्साग्रंथ कसा वाचावा: लॅटिन न येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

फिनलंडसाठी छापलेलं पहिलं पुस्तक लॅटिनमध्ये आहे आणि ते छापलं गेलं उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात, १४८८ साली. नाव ‘मिस्साले अबोएन्से’. अबो म्हणजे तुर्कू. तिथल्या धर्मप्रांतातल्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या भागातल्या, चर्चच्या वेदीवर मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चची मुख्य उपासना, कशी करायची, कोणत्या दिवशी कोणत्या प्रार्थना म्हणायच्या, कोणतं शुभवर्तमान वाचायचं, हे सगळं सांगणारा हा ग्रंथ. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहामुळे आज तो पुण्यात किंवा वसईत बसूनही चाळता येतो. पण उघडल्यावर बहुतेक जण दोन-चार पानं पाहतात, काळ्या-लाल अक्षरांची दाटी बघून ‘सुंदर आहे’ म्हणतात आणि बंद करतात. मला याचं वाईट वाटतं, कारण थोडी तयारी केली तर लॅटिन फारसं न येणाऱ्यालाही या पानांमधून खूप काही हाती लागतं. ती तयारी कशी करायची ते इथे क्रमाने देतो आहे.

माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. धर्मप्रांतासाठी छापलेल्या ग्रंथात तो धर्मप्रांत शोधायचा असेल, तर मोठ्या सणांच्या पानांवर वेळ घालवू नका. नाताळची मिस्सा रोममध्ये, पॅरिसमध्ये आणि तुर्कूत जवळजवळ सारखीच. वेगळेपण असतं कॅलेंडरात, संतांच्या विभागात आणि एकेका प्रतीच्या समासात.

आधी पार्श्वभूमी

छपाई येण्याआधी प्रत्येक चर्चचा मिस्साग्रंथ हाताने नकललेला असे. नकलेतून नकल करताना चुका शिरत, जुने सण राहून जात, नवे सण कुठे लिहिलेले तर कुठे नाहीत. बिशपांना आपल्या धर्मप्रांतात एकच पाठ हवा होता आणि छापखान्याने ती सोय करून दिली. तुर्कूचे बिशप कोनराड बिट्झ आणि कॅथेड्रलचे (बिशपांच्या मुख्य चर्चचे) डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, मॅग्नुस सेर्किलाहती यांनी हे काम ल्यूबेकच्या बार्थोलोमेउस गोतान या मुद्रकाकडे सोपवलं. गोतान या कामात मुरलेला होता. आदल्याच वर्षी, १४८७ मध्ये, त्याने स्टॉकहोममध्ये स्वीडनमधल्या स्ट्रेंगनेस धर्मप्रांताचा मिस्साग्रंथ छापला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. तुर्कूच्या धर्मप्रांताने चौदाव्या शतकात डॉमिनिकन या ख्रिस्ती साधूंच्या संघाची उपासनापद्धती स्वीकारली होती. डॉमिनिकन मठ तुर्कूत १२४९ पासून होता. या संघाने आपली पद्धत १२५६ मध्ये एकसारखी करून घेतली होती. त्यामुळे या ग्रंथाचा सांगाडा डॉमिनिकन आहे आणि त्यावर उत्तरेकडच्या संतांची भर आहे. हे दोन थर वेगळे करता आले, की अर्धी लढाई जिंकली.

पहिली पायरी: पुस्तक कोणत्या जातीचं, ते ठरवा

लॅटिन उपासनाग्रंथ दिसायला सारखे वाटतात, काम मात्र वेगळं. मिस्सासाठी मिस्साले. धर्मगुरूंच्या दिवसभराच्या प्रार्थनांसाठी ब्रेव्हियारी. ती बहुधा लहान आकाराची, प्रवासात नेता येईल अशी. बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी यांसाठी मॅन्युअल किंवा रिच्युअल. गायकांसाठी ग्रॅज्युअल आणि अँटिफोनरी, ज्यांत स्वरलेखनाच्या ओळी पानभर असतात. वेदीवर उभ्याने, हातभर अंतरावरून वाचायचा असल्यामुळे मिस्साग्रंथ मोठ्या आकाराचा आणि ठळक टायपाचा असतो. अशा ग्रंथाच्या साधारण मध्यावर येशूच्या क्रूसारोहणाचं पानभर चित्र आणि त्यासमोर सर्वांत मोठ्या अक्षरातला मजकूर दिसला, तर तो मिस्साग्रंथच, असं बिनधास्त धरा.

दुसरी पायरी: शीर्षकपान शोधू नका, दोन्ही टोकं बघा

पंधराव्या शतकात आजच्यासारखं शीर्षकपान रूढ झालेलं नव्हतं. म्हणून पुस्तकाची ओळख दोन ठिकाणी शोधायची. एक, सुरुवातीची प्रस्तावना, जिथे बिशप हे पुस्तक का छापून घेतलं ते सांगतात. दोन, शेवटचा कोलोफोन, म्हणजे मुद्रकाने लिहिलेली समाप्तीची नोंद. तिथे बहुधा शहर, मुद्रकाचं नाव आणि साल मिळतं. साल रोमन अंकांत असतं, कधी अर्धं शब्दांत, कधी अर्धं अंकांत.

‘मिस्साले अबोएन्से’त आणखी एक खूण आहे आणि ती लॅटिनशिवाय वाचता येते. एक लाकूडठसा चित्र. मधोमध संत हेन्री, फिनलंडचे संरक्षक संत, बिशपच्या वेशात. त्यांच्या पायाखाली आडवा पडलेला माणूस म्हणजे लाल्ली, ज्याने परंपरेनुसार बाराव्या शतकात क्योलिओ सरोवराच्या बर्फावर त्यांची हत्या केली. चित्रात बिशप बिट्झ आणि डीन सेर्किलाहतीही आहेत. हे चित्र झूम करून सावकाश बघा. कोणाचा ग्रंथ, कोणी करवून घेतला, कोणाच्या आश्रयाखाली, हे सगळं एका पानात आलं आहे.

आता एका कागदावर ग्रंथाचा नकाशा काढा: स्कॅनचा क्रमांक एका रकान्यात, छापील पानाचा क्रमांक दुसऱ्या रकान्यात. जुन्या पुस्तकात क्रमांक पानाच्या फक्त एका बाजूला असतो, आणि कॅलेंडरला बऱ्याचदा क्रमांक नसतोच. हा नकाशा नसेल तर पुढच्या प्रत्येक वेळी तुम्ही चाचपडत राहाल.

तिसरी पायरी: कॅलेंडर

इथे घाई करू नका. बारा महिने, बारा पानं, आणि संपूर्ण धर्मप्रांत त्यात.

मध्ययुगीन कॅलेंडराच्या पानावर डावीकडून काही अरुंद रकाने असतात. पहिल्या रकान्यात मधूनमधून रोमन अंक दिसतात, एक ते एकोणीसपर्यंत. हे सुवर्णांक, चांद्रगणितासाठी. दुसऱ्या रकान्यात ए ते जी ही सात अक्षरं फिरून फिरून येतात; एक जानेवारीला ए. ही वाराची अक्षरं. त्यानंतर रोमन पद्धतीची तारीख आणि मग सणाचं किंवा संताचं नाव.

पंचांग बघणाऱ्या घरातल्या माणसाला यातलं गणित परकं वाटणार नाही. एकोणीस सौर वर्षांत चंद्राचे २३५ महिने बसतात; आपल्याकडे एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात तेही याच हिशोबामुळे. एक उदाहरण करून बघू. १४८८ ला १९ ने भागा. बाकी उरते ६. त्यात १ मिळवा. सुवर्णांक ७. आता मार्चच्या पानावर सात हा अंक शोधा. तो १७ मार्चला असतो, म्हणजे त्या वर्षी तिथे अमावास्येनंतरचा नवा चंद्र. १७ हा पहिला दिवस धरून चौदा दिवस मोजा: ३० मार्च, पौर्णिमा. १४८८ हे लीप वर्ष, त्यामुळे रविवारची अक्षरं दोन: फेब्रुवारी संपेपर्यंत एफ, त्यानंतर ई. ३० मार्चसमोर ई आहे, म्हणजे पौर्णिमा नेमकी रविवारी. नियम असा की ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी. म्हणून त्या वर्षी ईस्टर ६ एप्रिलला आला. हे जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेचं गणित आहे, हे विसरू नका. एकदा हाताने करून बघितलंत की तो रकाना पुन्हा कधी निरर्थक वाटणार नाही.

रोमन तारखा उलट्या मोजतात, पुढच्या महिन्याच्या एक तारखेकडे. महिन्याचे दिवस घ्या, त्यातून तारीख वजा करा, दोन मिळवा. २० जानेवारी: ३१ वजा २०, अधिक २, तेरा. म्हणजे ‘फेब्रुवारीच्या कालेंदच्या, म्हणजे एक तारखेच्या, आधीचा तेरावा’. १८ जून: ३० वजा १८, अधिक २, चौदा. हे सूत्र महिन्याच्या उत्तरार्धासाठी. पूर्वार्धात नोनेस आणि इदेस हे मोजणीचे दुसरे टप्पे असतात आणि तिथे चुकायची शक्यता जास्त, म्हणून सुरुवातीला वाराची अक्षरं आणि साधी मोजणी यांवरच भिस्त ठेवा.

वरच्या दोन्ही तारखा मुद्दाम घेतल्या. तुर्कूत संत हेन्रींचा मृत्युदिन २० जानेवारीला पाळला जाई, आणि त्यांच्या अस्थी हलवल्याचा सण १८ जूनला. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या इतर धर्मप्रांतांत मात्र हेन्रींचा सण १९ जानेवारीला होता, कारण २० तारखेला फाबियान आणि सेबास्टियन हे जुने, सर्वत्र पाळले जाणारे संत ठाण मांडून होते. तुर्कूने आपल्या संतासाठी ती तारीख सोडली नाही. एका दिवसाचा फरक, पण एखादं सुटं कॅलेंडर कोणत्या धर्मप्रांताचं, याचा अंदाज बांधायला तो फार कामाचा आहे.

आता एक तक्ता करा. तीन रकाने: सर्वत्र पाळले जाणारे संत, डॉमिनिकन संत, उत्तरेकडचे संत. ७ मार्चला थॉमस अक्वायनस, २९ एप्रिलला पीटर मार्टिर, ५ ऑगस्टला डॉमिनिक: हे दुसऱ्या रकान्यात. १५ फेब्रुवारीला सिगफ्रिड, १८ मेला एरिक, २९ जुलैला ओलाफ, आणि १३९१ मध्ये संतपद मिळालेल्या ब्रिजित: हे तिसऱ्यात. प्रत्येक नावापुढे सणाची श्रेणीही लिहा. डॉमिनिकन पद्धतीत सर्वांत वरची श्रेणी ‘तोतुम दुप्लेक्स’, त्याखाली दुप्लेक्स, सेमीदुप्लेक्स, सिम्प्लेक्स आणि अगदी खाली नुसती आठवण. कोणत्या संताला वरची जागा दिली आहे यावरून त्या धर्मप्रांताचं प्रेम कोणावर होतं ते कळतं. या तक्त्याला थोडा वेळ लागेल, पण या सगळ्या उपक्रमातलं सर्वांत फळ देणारं काम हेच.

चौथी पायरी: भाग वेगळे करा

कॅलेंडरानंतर ‘तेम्पोराले’, म्हणजे येशूच्या जीवनाला धरून चालणारं वर्ष. ते जानेवारीत सुरू होत नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी ‘आद ते लेवावी’ या शब्दांनी सुरू होतं, आणि त्या पहिल्या ए अक्षराला बहुधा सगळ्या पुस्तकातली मोठी सजावट असते. मग नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण). त्यानंतरच्या रविवारांची मोजणी नीट बघा. रोमच्या पद्धतीत ते पेंटेकॉस्टपासून मोजतात, डॉमिनिकन पद्धतीत त्रैक्याच्या सणाच्या आठवड्यानंतर. सुटं पान हाती आलं तर एवढ्या शीर्षकावरूनही परंपरा ओळखता येते.

मधे कुठेतरी कॅनन, म्हणजे प्रत्येक मिस्सात म्हटली जाणारी मुख्य प्रार्थना: क्रूसाचं चित्र आणि समोर ‘ते इगितुर’. पुढे ‘सांक्तोराले’, तारखेवार संतांच्या मिस्सा, सुरुवात नोव्हेंबरअखेरीस संत आंद्रियापाशी. मग स्वतःची मिस्सा नसलेल्या संतांसाठी सामाईक मिस्सा. हुतात्मा, बिशप, कुमारिका अशा वर्गवारीने. शेवटी प्रसंगपरत्वे करायच्या मिस्सा, मृतांसाठीच्या मिस्सा आणि सिक्वेन्स नावाची गीतं. भागांचा क्रम ग्रंथागणिक थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून नकाशा स्वतः काढलेलाच बरा.

पाचवी पायरी: अक्षरं आणि संक्षेप

टाइप गॉथिक आहे. एस अक्षर शब्दाच्या मधे लांब असतं आणि एफसारखं दिसतं. आय, एन, एम, यू एकमेकांना लागून आले की नुसत्या उभ्या काड्यांची रांग दिसते. अशा वेळी काड्या मोजा.

संक्षेप मोजकेच शिकले तरी पुरतं. स्वरावर आडवी रेघ असेल तर पुढचा एम किंवा एन गाळलेला आहे. पीच्या दांड्याला आडवी रेघ म्हणजे ‘पेर’. नऊसारखं चिन्ह शब्दाच्या सुरुवातीला आलं तर ‘कोन’, शेवटी वर आलं तर ‘उस’. सातसारखं चिन्ह म्हणजे ‘एत’. देव, येशू, ख्रिस्त, प्रभू ही नावं जवळजवळ नेहमीच दोन-तीन अक्षरांत आटोपलेली आणि वर रेघ. ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना संदर्भावरून शब्द पुरा करण्याची सवय असतेच. त्यांचं इथे लवकर जमतं.

सोपा उपाय असा की पाठ असलेल्या मजकुरापासून सुरुवात करावी. ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना लॅटिनमध्ये कॅननच्या पानांवर असते. तिचा आधुनिक लॅटिन पाठ शेजारी ठेवा आणि अक्षर-अक्षर जुळवा. दहा ओळींत निम्मे संक्षेप समोर येतात.

आणि लाल रंग. लाल मजकूर म्हणायचा नसतो. तो सूचना असतो: उभं राहा, वाका, हे गाळा, अमुक पानावर जा. काळा मजकूर म्हणायचा. एखादा लाल शब्द पूर्ण झूम करून पाहा. लाल आणि काळी शाई वेगवेगळी उमटवावी लागे, त्यामुळे कुठे लाल ओळ किंचित खाली सरकलेली, कुठे काळ्या अक्षराच्या कडेवर लाल चढलेली दिसते. मोठ्या अक्षरांच्या जागी मुद्रक मोकळा चौकोन सोडून आत चिमुकलं मार्गदर्शक अक्षर छापत असे. ते रंगवायचं काम विकत घेणाऱ्याने नंतर करून घ्यायचं. काही पुस्तकांत ते चौकोन आजही रिकामे आहेत.

सहावी पायरी: एक मिस्सा पूर्ण वाचा

संत हेन्रींची घ्या. सांक्तोरालेत जानेवारी गाठा. लाल अक्षरांत संक्षेपाने भागांची नावं येतील: प्रवेशगीत, प्रार्थना, पत्रातलं वाचन, ग्रॅज्युअल (इथे पुस्तक नव्हे, वाचनानंतरचं गीत), आलेलुया, सिक्वेन्स, शुभवर्तमान, अर्पणगीत, मौन प्रार्थना, कम्युनियन, समारोपाची प्रार्थना. जिथे फक्त दोन-चार शब्द देऊन पानक्रमांक दिला आहे, तिथे मजकूर सामाईक विभागातला आहे; जिथे पूर्ण मजकूर आहे, तो बहुधा खास या सणाचा. त्यातल्या प्रार्थनांत बहुधा संताचं नाव असतं. हेन्रींसाठीचा सिक्वेन्स ‘सेतुस नोस्तेर लेतुस एस्तो’, आपला मेळा आनंदित होवो, असा सुरू होतो.

सिक्वेन्सवर थोडं थांबावं असं मला नेहमी वाटतं. बायबलमधली वचनं आणि प्रार्थना बहुतेक रोमहून आलेल्या. सिक्वेन्स मात्र त्या त्या प्रदेशातल्या माणसांनी आपल्या संतासाठी रचलेले. पुढे पोप पायस पाचवे यांनी १५७० मध्ये रोमन मिस्साग्रंथ सर्वत्र लागू केला तेव्हा त्यात फक्त चार सिक्वेन्स ठेवले. दोनशे वर्षांहून जुनी पद्धत असलेल्यांना आपला ग्रंथ चालू ठेवायची मुभा होती, तरी बहुतेक धर्मप्रांतांनी रोमचा ग्रंथ घेतला आणि शेकडो स्थानिक गीतं वेदीवरून उतरली. आज ती फक्त अशा ग्रंथांत सापडतात.

सातवी पायरी: प्रत वाचा

‘मिस्साले अबोएन्से’च्या काही प्रती कागदावर छापल्या, काही चर्मपत्रावर. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली हालिक्कोची प्रत कागदी आहे. कोणतीही प्रत बघताना छापलेल्या मजकुराइतकंच न छापलेल्याकडे लक्ष द्या. कोणती पानं खालच्या कोपऱ्यात काळवंडली आहेत? कॅननचं पान सर्वांत जास्त, कारण ते दररोज उलटलं जाई. धर्मगुरू क्रूसाच्या चित्राचं चुंबन घेत, म्हणून काही ग्रंथांत चित्राखाली एक छोटा वेगळा क्रूस दिलेला असतो, ओठांनी मुख्य चित्र खराब होऊ नये यासाठी. मेणाचे डाग बघा. समासात नंतरच्या हाताने लिहिलेले सण बघा.

तुर्कूच्या ग्रंथाचं पुढे काय झालं तेही पानांवरच वाचता येतं. स्वीडनच्या राज्यात प्रोटेस्टंट धर्मसुधारणा आली. पुढे तुर्कूचे बिशप झालेल्या मिकाएल अग्रिकोला यांनी १५४४ च्या फिनिश प्रार्थनापुस्तकासाठी या लॅटिन ग्रंथातल्या प्रार्थना घेतल्या आणि १५४९ मध्ये मिस्सा फिनिशमध्ये छापली. जुने चर्मपत्री ग्रंथ सुटे करून त्यांची पानं सरकारी करवसुलीच्या हिशेबवह्यांना वेष्टण म्हणून वापरली गेली. त्या वह्या स्टॉकहोमला गेल्या, आणि १८०९ मध्ये फिनलंड स्वीडनपासून तुटल्यावर तिकडचे हिशेब परत आले. हेलसिंकीत आज अशी नऊ हजारांहून अधिक सुटी पानं जपलेली आहेत, सुमारे दीड हजार पुस्तकांमधली, आणि ती ऑनलाइन बघता येतात. अशा पानावर प्रार्थनेच्या ओळींवर आडव्या अक्षरांत गावाचं नाव आणि साल लिहिलेलं असतं. ते आधी टिपून घ्या: ते वहीचं साल, पुस्तकाचं नव्हे. दोन्ही मिसळले की सगळा हिशोब चुकतो.

छापील आवृत्तीची खात्री करायला दोन जागतिक सूच्या आहेत: ‘इन्कुनाबुला शॉर्ट टायटल कॅटलॉग’ आणि जर्मनीतली ‘गेझाम्टकाटालोग डेर वीगेनड्रुके’. १५०१ पूर्वीची छापील पुस्तकं त्यांत नोंदलेली आहेत, कुठे किती प्रती उरल्या आहेत यासह.

आपल्याकडच्या चर्चमध्ये हेच वापरताना

गोव्याचा धर्मप्रांत १५३४ चा आणि छापखाना १५५६ चा. तिथे जोआंव द एंदे या मुद्रकाने १५६८ मध्ये आर्चडायोसिसचे (आर्चबिशपांच्या धर्मप्रांताचे) नियम छापले. लगेच दोन वर्षांनी रोमचा एकसारखा मिस्साग्रंथ आला. म्हणून गोवा-वसईच्या सांक्रिस्तीत (चर्चमधल्या उपासनेचं साहित्य ठेवायच्या खोलीत) जुना लॅटिन मिस्साग्रंथ मिळाला तर तो बहुधा रोमनच असेल. तरीही वरची पद्धत लागू पडते. आधी कॅलेंडर: ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियर छापलेले आहेत का? त्यांना संतपद १६२२ मध्ये मिळालं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नागासाकीचे हुतात्मे आहेत का? त्यांत वसईचे गोन्सालो गार्सिया आहेत. १५९७ मध्ये मृत्यू, १६२७ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी), १८६२ मध्ये संत. शीर्षकपान हरवलेल्या ग्रंथाचा काळ एवढ्यावरून बराच आवळता येतो. मग शेवट उघडा. स्थानिक सणांच्या मिस्सा वेगळ्या पुरवणीत, वेगळ्या कागदावर, कधी वेगळ्या शहरात छापून मागे शिवलेल्या असतात. धर्मप्रांत तिथे आहे.

पुस्तक हाताळताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे नकोत, त्यांनी कागदाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशी किंवा घडी केलेली चादर द्या, पुस्तक सपाट दाबून उघडू नका. चिकटपट्टी कुठेही लावू नका, फाटलेल्या पानालासुद्धा. सुटं पान निघालं तर ते जिथे होतं तिथेच ठेवा आणि आधी फोटो काढा. बुरशीचा वास आला तर ते पुस्तक इतरांपासून वेगळं, हवेशीर पण उन्हापासून दूर ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा. फोटो या क्रमाने काढा: पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आतली बाजू, कॅलेंडराची बारा पानं, कॅननची दोन पानं, शेवटचं पान, पुरवणी, आणि हाताने लिहिलेली प्रत्येक ओळ. धर्मगुरूंच्या परवानगीने त्याची एक प्रत चर्चच्याच दप्तरात ठेवा.